समोरच्याच्या मनातलं ओळखताना आपण स्वतःला विसरतो

प्रश्न असा आहे: प्रतिस्पर्धी कम्युनिस्ट सत्ता, म्हणजे काल सोव्हिएत संघ आणि आज चीन, परराष्ट्र धोरणात पुढचं पाऊल कोणतं टाकणार, हे गुप्तवार्ता विश्लेषकांना आधी सांगता येतं का? येत असेल, तर १९६२ मध्ये आपल्याला चीन का कळला नाही?

सरळ उत्तर आधी देतो. बऱ्याच अंशी सांगता येतं, आणि १९६२ मध्ये ते सांगता येण्याइतका मजकूर दिल्लीत टेबलावर होता. माहिती कमी पडली म्हणून आपण फसलो, ही समजूत मला पटत नाही. मी आयुष्यातली बरीच वर्षं हेच काम केलं. परक्या राजवटीची वर्तमानपत्रं, रेडिओवरच्या भाषणांचे उतारे, वकिलातींच्या तारा वाचायच्या आणि 'पुढे काय' याचं टिपण वर पाठवायचं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. समोरच्याचा इरादा हा कुठल्या तरी कपाटात कुलूप लावून ठेवलेला कागद असतो आणि हेर तो चोरून आणतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात इरादा घडत असतो, आणि त्याच्या घडण्यात आपल्या वागण्याचा मोठा वाटा असतो. अंदाज बांधताना आपण शत्रूच्या फौजा मांडतो, पुढाऱ्यांचे स्वभाव मांडतो, त्यांची अन्नटंचाई आणि पक्षातली भांडणं मांडतो. आपण स्वतः काय करतो आहोत, हे मात्र त्या पटावर मांडायचं राहून जातं. इथंच घोडं पेंड खातं.

क्षमतेचं तसं नसतं. ती मोजता येते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'मिसाइल गॅप'ची भीती होती. रशिया लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांत फार पुढे निघून जाणार, असे अंदाज होते आणि १९६० ची निवडणूक त्या मुद्द्यावरही लढवली गेली. पुढे कोरोना नावाच्या अमेरिकन टेहळणी उपग्रहांची छायाचित्रं आली आणि सप्टेंबर १९६१ मध्ये अमेरिकन संस्थांनी रशियाच्या अशा क्षेपणास्त्रांचा आकडा १० ते २५ वर आणला. वरून फोटो काढला, भीती उतरली. मनाचा फोटो निघत नाही, आणि मग विश्लेषक 'मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं' या प्रश्नाकडे वळतो. प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याच्या जागी बसताना आपण आपलाच चष्मा घालून बसतो.

आता १९६२ कडे येतो. त्या वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन आणि दिल्ली या दोन राजधान्यांनी दोन वेगवेगळ्या कम्युनिस्ट सत्तांबद्दल जवळजवळ एकच चूक केली. या दोन प्रकरणांचा अभ्यास एकमेकांशेजारी ठेवून केला पाहिजे, असं मी तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगत आलो.

पहिलं प्रकरण क्यूबाचं. २९ ऑगस्टच्या यू-टू या अमेरिकन टेहळणी विमानाच्या छायाचित्रांत क्यूबामध्ये विमानविरोधी क्षेपणास्त्रांची ठाणी दिसली. १९ सप्टेंबरला अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेने विशेष राष्ट्रीय अंदाज काढला. ते काम ज्या मंडळाकडे होतं त्याचे प्रमुख शर्मन केंट होते. इतिहासाचा प्राध्यापक राहिलेला हा माणूस, अंदाज बांधण्याला एक शिस्त असते हे जगाला शिकवणाऱ्यांपैकी अग्रगण्य. अंदाजात म्हटलं होतं की क्यूबात मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं ठेवून रशियाला लष्करी फायदा होईल खरा, पण तसं करणं आजवरच्या सोव्हिएत रीतीशी आणि चालू धोरणाशी जुळत नाही; एवढी जोखीम ते घेतील असं दिसत नाही. हे लिहिलं गेलं तोवर क्षेपणास्त्रं घेऊन निघालेलं पहिलं जहाज क्यूबाला पोहोचून दहा दिवस झाले होते.

एकच माणूस आडवा गेला: सीआयएचे प्रमुख जॉन मॅकोन. ते नुकतंच लग्न करून फ्रान्सला गेले होते आणि तिथून तारा पाठवत होते. त्यांचा तर्क साधा होता. इतकी महागडी विमानविरोधी क्षेपणास्त्रं कुणी उसाच्या शेतांच्या राखणीला लावत नाही. म्हणजे राखण करण्याजोगं दुसरं काही तरी येणार आहे. त्यांच्या हाती वेगळा पुरावा नव्हता. इतरांनी जे पाहिलं तेच त्यांनी पाहिलं, फक्त 'रशियाची रीत' हे गृहीतक बाजूला ठेवून. दरम्यान टेहळणी विमानांच्या फेऱ्यांवर निर्बंध आले, कारण ९ सप्टेंबरला तैवानचं एक यू-टू चीनवर पाडलं गेलं होतं आणि वॉशिंग्टनला आणखी एक प्रकरण नको होतं. पश्चिम क्यूबाचा नीट फोटो मिळाला तो १४ ऑक्टोबरला. १६ तारखेला सकाळी केनेडींसमोर तो ठेवला गेला.

केंट यांनी नंतर आपली बाजू मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी काय करणं शहाणपणाचं आहे ते आम्ही बरोबर सांगितलं. चूक ख्रुश्चेव्ह यांनी केली, आणि शत्रू भलती चूक केव्हा करेल हे कुठल्याही पद्धतीने सांगता येत नाही. मला केंट यांच्याविषयी मनापासून आदर आहे, तरीही हा बचाव मला मान्य नाही. शत्रूच्या शहाणपणाचा अंदाज बांधणं हे आपलं काम नव्हे, त्याच्या कृतीचा अंदाज बांधणं हे काम आहे. आणि त्यांच्या पटावर जे नव्हतं ते पाहा. तुर्कस्तानात अमेरिकेने पंधरा ज्युपिटर क्षेपणास्त्रं बसवली होती, तीही सोव्हिएत हद्दीच्या तोंडाशी. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबात बे ऑफ पिग्ज इथं अमेरिकेने पाठवलेली फौज उतरली आणि फसली. त्यानंतर क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांना उलथवण्यासाठी गुप्त मोहीम चालूच होती. मॉस्कोतून पाहणाऱ्याला दिसत होतं की क्यूबा आज ना उद्या हातचा जाणार. ख्रुश्चेव्ह यांनी निर्णय मे १९६२ मध्ये घेतला. केनेडींनी 'आक्रमक शस्त्रं ठेवाल तर खबरदार' असं जाहीर बजावलं ते सप्टेंबरमध्ये. इशारा मिळाला तेव्हा जहाजं निघालेली होती. अंदाजकर्ते मात्र असं मानून चालले की समोरच्याला आमची नाराजी आधीपासून माहीत आहे आणि तो तिला भिऊन असणार.

या फसगतीला दुसरी बाजूही होती, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेला वाटत होतं की क्यूबात दहाएक हजार सोव्हिएत सैनिक असतील. होते चाळीस हजारांहून जास्त. रणभूमीवर वापरायची छोटी अण्वस्त्रंही आलेली होती, आणि हल्ला करावा की नाही यावर चर्चा करणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. म्हणजे जी मोजता येते असं मी वर म्हटलं, ती क्षमतासुद्धा लपवणाऱ्याने मनावर घेतलं तर लपते.

आता दिल्ली. २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीत ठरलं की लडाखमध्ये आणि पूर्वेकडे शक्य तितक्या पुढे जाऊन चौक्या टाकायच्या. यालाच पुढे फॉरवर्ड पॉलिसी म्हणू लागले. तिच्या मुळाशी एक अंदाज होता: आपण नव्या चौक्या टाकल्या तर चिनी प्रतिकार करणार नाहीत, आणि ताकद असली तरी चौक्यांवर बळ वापरायची शक्यता कमी. हा अंदाज इंटेलिजन्स ब्युरोचा, म्हणजे बी. एन. मलिक यांच्या यंत्रणेचा होता. लष्करी गुप्तवार्तेचं आधीचं मत याच्या उलट होतं. चीन आपल्या ताब्यातला मुलूख राखायला बळ वापरेल, असं तिथं नोंदवलेलं होतं. पराभवानंतर झालेल्या हेंडरसन ब्रुक्स चौकशीत हा विरोधाभास आला. तो अहवाल अधिकृतपणे कधी जाहीर झाला नाही, पण २०१४ मध्ये त्याचा बराच भाग बाहेर आला आणि ज्याला वाचायचा होता त्याने तो वाचला.

ही चूक एका माणसाच्या बुद्धीची होती असं मला वाटत नाही. ती रचनेची चूक होती. माहिती गोळा करणारा, तिचा अर्थ लावणारा आणि 'चौकी इथं टाका' असा सल्ला देणारा एकच असेल, तर अंदाज धोरणाचा नोकर होतो. चौकी टाकायची हे ठरलं की ती टाकल्याने काही होणार नाही हेही ठरून जातं. चिनी जमवाजमवीच्या बातम्या येतच होत्या. पण क्षमतेच्या बातम्या एका खणात जात राहिल्या आणि इराद्याविषयीचं गृहीतक दुसऱ्या खणात सुरक्षित राहिलं. दोन्ही एका कागदावर आणायला कुणी बसलेलं नव्हतं.

आणि मग जुलैमध्ये गलवानचा प्रसंग घडला. आपल्या गुरख्यांनी खोऱ्यात चौकी टाकली होती. १० जुलैच्या सुमारास शेकडो चिनी सैनिकांनी तिला वेढा घातला. गोळी चालली नाही. दिल्लीने चौकी हलवली नाही, हेलिकॉप्टरने रसद पोहोचवली, आणि चिनी काही करत नाहीत असं दिसलं. दिल्लीत याचा अर्थ लागला: पाहा, दम धरला तर ते माघार घेतात. बीजिंगच्या बाजूने त्याच घटनेचा अर्थ काय होता? आम्ही शेवटचा इशारा दिला आणि त्यांनी तो मानला नाही. एकाच घटनेने एका पक्षाचा धीर वाढवला आणि दुसऱ्याचा धीर संपवला. मी नवख्या विश्लेषकांना हा प्रसंग सांगतो तेव्हा थोडा वेळ थांबतो, कारण अंदाज चुकण्याची सगळी क्रिया यात उघडी पडलेली दिसते. ती चौकी २० ऑक्टोबरला पडली.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली, जिचं वजन दिल्लीत पुरेसं जोखलं गेलं नाही. तैवानमधून तिथले कम्युनिस्टविरोधी नेते च्यांग कै-शेक फौज घेऊन चीनच्या मुख्य भूमीवर उतरतील अशी चीनला धास्ती होती. जूनच्या अखेरीस वॉर्सामध्ये अमेरिकेच्या राजदूतांनी चिनी राजदूतांना सांगितलं की अशा स्वारीला आमचा पाठिंबा नसेल. चीनचा एक दरवाजा बंद झाला आणि दुसऱ्याकडे पाहायला मोकळीक मिळाली. इथं मे १९५९ चा एक कागद आठवतो. तिबेटच्या उठावानंतर चीनचे राजदूत पान झीली यांनी आपल्या परराष्ट्र सचिवांना वाचून दाखवलेल्या निवेदनात म्हटलं होतं की चीनचा मुख्य शत्रू पूर्वेला आहे, आम्ही दोन आघाड्या उघडण्याइतके मूर्ख नाही, आणि तुम्हालाही दोन आघाड्या परवडणार नाहीत. हे धमकावणं होतं, त्याचबरोबर ती चीनच्या हिशेबाची कबुलीही होती. पूर्वेची काळजी मिटली की हा हिशेब बदलतो, हे त्या कागदावरच लिहिलेलं होतं. दिल्लीने त्यातला उर्मटपणा वाचला, आणि तो होताच. हिशेब वाचायचा राहिला.

मॉस्कोविषयीही असंच झालं. रशिया आपल्या बाजूने चीनला आवरेल असं वाटत होतं. पण ऑक्टोबरमध्ये ख्रुश्चेव्ह क्यूबात गळ्यापर्यंत अडकले होते आणि त्यांना चीनची साथ हवी होती. २५ ऑक्टोबरच्या 'प्रावदा'चा, म्हणजे सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्राचा, अग्रलेख चीनच्या बाजूने झुकला. कॅरिबियन समुद्रातल्या जहाजांचा आणि आपल्या पूर्व सीमेवर नामका चू नदीकाठी असलेल्या जवानांचा संबंध लागू शकतो, असा विचार करणारं टेबल कुणाकडेच नव्हतं.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं, की चीन युद्धापूर्वी कसा बोलतो हे जगात कुणाला आधी कळलं होतं तर ते आपल्याला. २ ऑक्टोबर १९५० ला मध्यरात्र उलटून गेल्यावर चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी आपले राजदूत का. मा. पणिक्कर यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं: अमेरिकन फौजा अडतिसावं अक्षांश ओलांडून उत्तर कोरियात आल्या तर चीन युद्धात उतरेल. पणिक्करांनी ते दिल्लीला कळवलं, दिल्लीने लंडन आणि वॉशिंग्टनला. वॉशिंग्टनला पणिक्कर डाव्यांकडे झुकलेले, भरवशाचे नसलेले वाटत. निरोप्या आवडत नाही म्हणून निरोप फेटाळला गेला. १२ ऑक्टोबरच्या सीआयएच्या अंदाजात लिहिलं गेलं की चीनचा पूर्ण ताकदीने हस्तक्षेप शक्य आहे, पण १९५० मध्ये तसं होईल असं वाटत नाही. आठवड्याभरातच, १९ ऑक्टोबरला, चिनी फौजा यालू नदी ओलांडू लागल्या.

तेव्हा हा इशारा आपल्या हातून गेला होता. त्याची चढण आपण जवळून पाहिली होती: आधी वर्तमानपत्रात सूचक मजकूर, मग नाव घेऊन निषेध, मग अधिकृत पत्रं, मग 'सहन करणार नाही', मग मध्यस्थामार्फत थेट निरोप, आणि त्यानंतर काही काळ शांतता. बारा वर्षांनी तीच शिडी आपल्यासाठी लावली गेली. जुलै १९६२ मध्ये चिनी पक्षाचं मुखपत्र 'पीपल्स डेली'ने भारताला कड्याच्या टोकावर घोडा आवरायला सांगितलं. २२ सप्टेंबरच्या मजकुरात 'आम्ही आधी सांगितलं नव्हतं असं म्हणू नका' हा जुना चिनी शब्दप्रयोग आला. दिल्लीत त्याला प्रचार समजलं गेलं. प्रचार तो होताच. पण एकपक्षीय राजवटीत प्रचार हा मोजून मापून दिलेला सरकारी कागदही असतो, हे पणिक्करांच्या त्या रात्रीनंतर आपल्याला तरी कळायला हवं होतं.

म्हणून प्रश्नातल्या 'कम्युनिस्ट' या शब्दाविषयी बोलतो. अशा राजवटीचा अंदाज वेगळा बांधावा लागतो का? लागतो, पण लोक समजतात त्या कारणासाठी नाही. मार्क्स आणि लेनिन वाचून उद्याचं वेळापत्रक मिळत नाही. मिळतं असं समजणाऱ्यांनी प्रत्येक दशकात भलते अंदाज दिले. फरक असा, की निर्णय मूठभर माणसं घेतात, तिथून काही गळत नाही, आणि त्याच वेळी त्या मुठीबाहेरच्या लाखो कार्यकर्त्यांना दिशा द्यायची तर ती छापूनच द्यावी लागते. त्यामुळे छापलेला शब्द तिथं फार काटेकोर असतो. १९५० च्या दशकाच्या मध्यावर मायरन रश नावाच्या अमेरिकन अभ्यासकाच्या लक्षात आलं की 'प्रावदा'मध्ये ख्रुश्चेव्ह यांच्या 'प्रथम सचिव' या पदाचं पहिलं अक्षर एकाएकी मोठं छापलं जाऊ लागलंय, आणि त्यावरून त्याने ख्रुश्चेव्ह वर चढत असल्याचं ताडलं. आपल्या देवनागरीत लहानमोठं अक्षर नसतं, त्यामुळे हे उदाहरण मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला क्षणभर काही कळत नाही. पण रशियन वाचणाऱ्याला तो बदल ठळक दिसला असणार.

असं वाचायला पगारी हेर लागत नाही. अक्साई चीनमधून जाणारा शिनजियांग-तिबेट रस्ता पूर्ण झाल्याची बातमी ऑक्टोबर १९५७ मध्ये चिनी वर्तमानपत्रातच आली होती. आपल्या तुकड्या प्रत्यक्ष खात्री करायला गेल्या त्या पुढच्या वर्षी.

छापलेल्या शब्दाचा एक धोकाही सांगतो. शब्द झिजतात. 'आधी सांगितलं नव्हतं असं म्हणू नका' हा प्रयोग डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामला उद्देशून आला, आणि १७ फेब्रुवारी १९७९ ला चीनने व्हिएतनामवर हल्ला केला. त्या दिवशी आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनच्या दौऱ्यावर होते. दौरा आवरता घेऊन ते परतले. डंग शियाओपिंग महिनाभर आधीपासून 'धडा शिकवू' असं उघड म्हणत होते. पण मे २०१९ मध्ये हाच प्रयोग दुर्मीळ खनिजांच्या व्यापारावरून अमेरिकेला उद्देशून आला, आणि त्यामागे कुठली फौज नव्हती. म्हणून एकटा शब्द पकडून बसायचं नाही. शब्दाबरोबर रसद हलते आहे का, सैन्याच्या रजा रद्द होत आहेत का, बोलणाऱ्याची पायरी वर जाते आहे का, हे एका कागदावर आणायचं. शब्द चढतो आणि फौजही हलते तेव्हा झोप उडाली पाहिजे. फौज हलते आणि शब्द थंड होतात तेव्हा त्याहून जास्त.

अंदाज लिहायचा कसा, यावर माझा जीव अडकलेला आहे, म्हणून थोडं बोलतो. मार्च १९५१ मध्ये अमेरिकेच्या एका अंदाजात लिहिलं होतं की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाचा हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' आहे. नंतर कुणी तरी केंट यांना विचारलं, म्हणजे किती? ते म्हणाले, शंभरात पासष्ट. विचारणारा चकित झाला. त्याने फार कमी धरलं होतं. मग केंट यांनी तो मजकूर एकमताने मंजूर करणाऱ्या सहकाऱ्यांना विचारलं, तर कुणाच्या मनात वीस होते, कुणाच्या ऐंशी. एकाच शब्दाखाली सगळ्यांनी सह्या केल्या होत्या आणि प्रत्येकाने वेगळाच अंदाज दिला होता. मराठीत आणि आपल्या सरकारी इंग्रजीतही हे रोज घडतं. 'नाकारता येत नाही', 'संभव आहे', 'दाट शक्यता' या शब्दांमागे लपणं फार सोपं असतं. माझंही एक टिपण असंच होतं. मी 'शक्यता कमी' लिहिलं, वर जाताना ते 'शक्यता नाही' झालं, आणि मी वेळेवर भांडलो नाही. तेव्हापासून आकडा लिहिल्याशिवाय मी कागद सोडला नाही. आकडा खरा असतो म्हणून नव्हे. आकडा बदलायचा तर बदलणाऱ्याला तो जाणूनबुजून बदलावा लागतो, म्हणून.

आकड्याशेजारी आणखी एक ओळ लिहायची मी सवय लावून घेतली: 'हा अंदाज आपण अमुक केल्यास बदलेल.' वरिष्ठांना ती ओळ आवडत नाही. त्यांना वाटतं, विश्लेषक धोरणात नाक खुपसतोय. पण ती नसेल तर काय होतं ते १९८३ ने दाखवलं. मॉस्कोतली म्हातारी नेतेमंडळी अमेरिका अचानक अण्वस्त्रहल्ला करेल या भीतीने परदेशातल्या आपल्या हेरांकडून त्याची लक्षणं टिपून घेत होती. नोव्हेंबरमध्ये नाटोने एबल आर्चर हा सराव केला, आणि त्यात अण्वस्त्रं सोडण्याची रंगीत तालीम होती. लंडनमधला केजीबी अधिकारी ओलेग गोर्डियेव्हस्की गुपचूप ब्रिटिशांसाठी काम करत होता. मॉस्को खरंच घाबरलंय, हे त्याच्याकडून कळलं. तरी मे १९८४ च्या अमेरिकन अंदाजाने ती भीती म्हणजे प्रचाराचा देखावा असं ठरवलं. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्याच सल्लागार मंडळाने मागे वळून पाहिलं आणि त्या निष्कर्षाला चूक ठरवलं. आपण स्वतः निरुपद्रवी आहोत याची ज्याला पुरेपूर खात्री असते, त्याला समोरच्याची भीती खोटीच वाटते.

गलवान पुन्हा २०२० मध्ये आलं. जूनच्या त्या रात्री आपले वीस जवान गेले. चीनने एवढी फौज का आणली, याची पाच वेगवेगळी कारणं चीनने दिल्याचं परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्या वर्षाअखेर सांगितलं. त्यातलं खरं कोणतं, हे बीजिंगचे त्या वेळचे कागद उघडतील तेव्हा कळेल. पण पटावर आपली बाजू मांडायची म्हटलं तर दौलत बेग ओल्डीपर्यंत नुकताच पूर्ण झालेला रस्ता आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लडाखचा बदललेला दर्जा, ज्यावर चीनने जाहीर आक्षेप घेतला होता, हे दोन्ही त्यावर असायला हवेत. याचा अर्थ चीन बरोबर होता किंवा आपण रस्ता बांधायला नको होता, असा होत नाही. रस्ता बांधायलाच हवा होता. बांधताना समोरचा त्याकडे कसा पाहील हे लिहून ठेवणं, एवढंच विश्लेषकाचं काम.

हे जमतं का? एकदा फार चांगलं जमलं होतं. १ मे १९७० ला तिआनआनमेनच्या सज्जावर माओंनी आपले प्रभारी राजदूत ब्रजेश मिश्र यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि हसून म्हटलं की असं भांडत किती दिवस राहायचं. दिल्लीत त्या हसण्याचा अर्थ लावण्यात वर्ष गेलं, आणि तोवर पूर्व पाकिस्तान पेटलं. आता प्रश्न होता: युद्ध झालं तर चीन पाकिस्तानसाठी हिमालयातून खाली येईल का? या वेळी उत्तर शोधताना दिल्लीने फक्त चीनकडे पाहिलं नाही, स्वतःला पटावर ठेवलं. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. चीनच्या उत्तर सीमेवरचं ओझं त्यामुळे वाढलं. युद्धाची वेळ हिवाळ्यापर्यंत लांबवली, म्हणजे खिंडी बर्फाने बंद. सप्टेंबरमध्ये चीनचे संरक्षणमंत्री आणि माओंचे नियोजित वारस लिन ब्याव विमान कोसळून मेले, १ ऑक्टोबरचं बीजिंगमधलं संचलन झालंच नाही, आणि चिनी सैन्याच्या वरच्या फळीत काही तरी बिनसलंय हे संचलनाच्या गैरहजेरीवरूनच दिसत होतं. शब्दांची शिडीही चढली नाही. चीनने पाकिस्तानला जाहीर पाठिंबा दिला, पण स्वतःच्या कृतीविषयी १९६२ सारखं काही म्हटलं नाही.

अंदाज निघाला की चीन येणार नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले आणि त्यांच्या काळात पहाडी डिव्हिजना मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या, त्या हिमालयासाठी. त्यांपैकी काही डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याच्या दिशेने लढत होत्या.

त्याच दिवसांत अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर न्यू यॉर्कमध्ये चिनी राजदूत ह्वांग ह्वा यांना भेटून चीनला पुढे यायला सुचवत होते. १२ डिसेंबरला चीनकडून तातडीचा निरोप आहे असं कळलं, तेव्हा वॉशिंग्टन असं धरून चाललं की चीन सैन्य हलवतो आहे, आणि रशियाने उत्तर दिलं तर काय करायचं यावर बोलणी सुरू झाली. निरोप उघडला तर त्यात एवढंच होतं, की संयुक्त राष्ट्रांतल्या युद्धबंदीच्या ठरावाला चीन पाठिंबा देईल.